निम्मं वाक्य

हिर्डोशी, ता. भोर
१४ जुलै २०२४

चि. धनश्रीस मामाचा आशीर्वाद.

पत्र बगून दचकू नको, समदी जित्ती हाईत. फोन करायचा तर रेंजसाठी वळणावरच्या खडकावर जावं लागतं आन् तुझ्या मामीला एकटी सोडून जाता येत न्हाई. शिवाय जे सांगायचंय ते लिवूनच दावाय पायजे. सातवीपतुरचं शिक्षान असं म्हातारपणी कामाला आलं.

मिरगात तिच्या उजव्या अंगावरनं वारं गेलं, ते आमच्या सोमेश्वरानं तुला कळवलंच हुतं. दवाखान्यातनं घरी आणली. पाय ओढत का हुईना, टाकती. हात तसाच लुळा हाय. पण माझं दुखणं येगळंच हाय. ती बोलती, आन् वाक्य मराठीत सुरू करून मधीच कानडीत जाती. न्हाईतर कानडीत सुरू करती आन् मराठीत येती.

तुला ठावं हाय, मामी गोकाककडची. आमचे चुलते निपाणीला तंबाखूच्या वखारीत हमाल हुते, त्यांनी ही सोयरीक आणली. लगीन हून आली तवा तिला मराठीचा एक शब्द येत नव्हता. आमच्या आईनं पयल्याच आठवड्यात सांगितलं, ह्या घरात ते येंडुगुंडु चालायचं न्हाई. तवापासनं चाळीस वर्सं, भाऊ आला तर परसदारी काय बोलायची तेवढंच. म्या समजत हुतो, इसरली.

आता ती बोलाय लागली की म्या तिच्याबरूबर निम्म्या वाटंपतुर जातो, पुढं ती निघून जाती आन् म्या तितंच उबा. शेजारची ठकुबाई म्हणती भाईरचं हाय. सोमेश्वर म्हणतो भ्रम झालाय. तू धारवाडात बोलण्याच्याच दवाखान्यात हाईस, तुला कानडी येती. जशी ऐकली तशी तीन वाक्यं लिवतो.

"एम्मीला नीर दाखवलं का?"
"ननग भाकरी नको."
"मळी बंद्र रोप कुजंल."

हे भाईरचं हाय, भ्रम हाय, का आनीक काय, ते सांग.

तुझा मामा,
रोहिदास


धारवाड
२३ जुलै २०२४

प्रिय मामा,

तुमचं पत्र दारात उभं राहूनच वाचलं. आई गेल्यापासून मला मराठीत लिहिलेलं टपाल आलंच नव्हतं.

आधी अर्थ. एम्मी म्हणजे म्हैस, नीर म्हणजे पाणी. म्हशीला पाणी दाखवलं का, असं ती विचारतेय. ननग म्हणजे मला. मला भाकरी नको. मळी म्हणजे पाऊस, बंद्र म्हणजे आला तर. पाऊस आला तर रोप कुजंल. तुम्ही लावणीच्या दिवसांत लिहिलंय, म्हणजे हेही तिनं वेळेवरचंच म्हटलं.

हा भ्रम वाटत नाही. आता शेवटचं वाक्य पुन्हा बघा. "मळी बंद्र" एवढं सगळं कन्नड आणि "रोप कुजंल" एवढं सगळं मराठी. वाक्याचा जिथं सांधा आहे तिथंच भाषा बदललीय. "एम्मीला" मध्ये म्हैस कन्नड, पण "ला" मराठी, आणि तो लागायला हवा तिथंच लागलाय. भ्रमातल्या माणसाचं बोलणं सहसा असं नीट बसत नाही.

दोन भाषा येणाऱ्या माणसाच्या डोक्यात त्या दोन वेगळ्या खोल्यांत ठेवलेल्या नसतात. दोन्ही सतत जाग्या असतात. मामी "पाणी" म्हणायला गेली की "नीर"ही उठून बसतं. मग समोर कोण आहे ते पाहून मेंदूचे काही भाग, कपाळामागचे आणि त्याच्याही आतले, एका शब्दाला थोपवतात आणि दुसऱ्याला वाट देतात. हे इतक्या झटकन होतं की बोलणाऱ्यालाही कळत नाही. मामी कन्नड विसरली नव्हती. एवढी वर्षं थोपवून धरत होती. पक्षाघाताच्या झटक्यात ते थोपवणं कमजोर झालं असावं. तपासल्याशिवाय खात्रीनं लिहीत नाही, पण माझा अंदाज तसा आहे.

तिला "मराठीत बोल" म्हणून टोकू नका. एखादा शब्द कळला तर कळला असं तिला दिसू द्या.

तुमची,
धनश्री


हिर्डोशी
९ ऑगस्ट २०२४

चि. धनश्रीस आशीर्वाद.

तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिशी मामी खाटंवर बसून म्हणली, "तान्ह लागली, नीर..." आन् अडकली. म्या तांब्या पुढं केला आन् म्हणलं, "घे, नीर."

तिनं माझ्याकडं असं बगितलं, जसं परमुलखात कुणी अचानक नावानं हाक मारावी. पाणी प्यायचं राहूनच गेलं. मंग हसली. वारं गेल्यापासनं तोंड एकाच बाजूनं उचलतं, तेवढ्या बाजूनं हसली.

त्या दिसापासनं माझ्यासंगं कानडी जास्तच बोलती. हे म्याच वाढवून ठिवलं का काय? ठकुबाई म्हणती, तुमी लाडावून ठिवलीया.

सोमेश्वर गाडी घिऊन आला हुता. पुण्याला डोस्क्याच्या डाक्टरला दावली. डाक्टर चांगला माणूस, सावकाश इचारत हुता. "आजी, मुलं किती?" ती म्हणली, "ओब्ब मगा." त्यानं परत इचारलं. ती परत तेच. मंग सोमेश्वरचा हात धरला आन् परत तेच म्हणली. डाक्टरनं कागदावर कायतरी लिवलं, म्हणला, आठवणीवर परिणाम दिसतोय. भाईर आल्यावर पोरगं खांबाला टेकून उबं राह्यलं. म्हणलं, "आबा, आईला मी कोण तेच सांगता येईना." आता त्याचं म्हणणं, पुण्यात अशा माणसांना सांभाळायची जागा असती, तितं ठिवू, तुमाला हे झेपायचं न्हाई. त्याचंबी खोटं न्हाई. म्या सासटी पार केलेला माणूस. पण तितं तिला नीर कोण देणार?

आनीक एक वाक्य हाय. सांजच्याला आमी दोगं उंबऱ्यावर बसतो. धरणाच्या पाण्याकडं बगत ती म्हणती, "दिवं लागलं... इल्लि ननग यारू इल्ल." रोज न्हाई, पण पुष्कळदा म्हणती. ह्याचा अर्थ लिव.

तुझं बरं हाय, शेरगाव, दिसभर माणसांत. आमा म्हाताऱ्यांच्या भानगडीत तुझा येळ घेतो.

मामा


धारवाड
१९ ऑगस्ट २०२४

प्रिय मामा,

सगळ्यात आधी "ओब्ब मगा". ओब्ब म्हणजे एक, मगा म्हणजे मुलगा. मामीनं उत्तर बरोबर दिलं होतं. तो मुलगा कोणता, तेही हात धरून दाखवलं होतं. डॉक्टरांना दोष देता येत नाही, ते कन्नड आहे हे त्यांना कुणी सांगितलंच नसणार. सोमेश्वरदादाला हे ताबडतोब कळवा. तिची तपासणी दोन्ही भाषांत व्हायला हवी. ती सोय मी इथं करू शकते.

तुम्ही काही वाढवून ठेवलेलं नाही. समोरच्याला एकच भाषा येत असेल तर दोन भाषांच्या माणसाला दुसरी धरून ठेवावी लागते आणि त्यात शक्ती जाते. ज्या घरात दोन्ही चालतात तिथं धरून ठेवायचं कारणच नसतं. तिथली माणसं एका वाक्यात इकडून तिकडं जातात, परत येतात आणि दमत नाहीत. ऐकणाराही दोन्ही कान उघडे ठेवूनच बसलेला असतो. तुम्ही "नीर" म्हणालात आणि तिला थोडं सैल सोडता आलं, एवढंच झालं.

तुमच्यासाठी एक काम आहे. भाषा बदलण्याच्या किंचित आधी माणसाच्या बोलण्याची गती कमी होते, उच्चार पुढच्या भाषेकडं झुकतात, असं आमच्या क्षेत्रात काहींना आढळलंय. ऐकणाऱ्याचा मेंदू तेवढ्या खुणेवरून सावध होतो. मामीच्या आजारपणात तसं होत असेलच असं नाही. पण कान देऊन बघा.

उंबऱ्यावरचं वाक्य साधंच आहे. "इथं कुणी दिसत नाही" असं काहीतरी. संध्याकाळी तुमच्याकडं रस्त्यावर माणूस नसतं, त्यावरून म्हणत असेल. मनावर घेऊ नका.

माझं इथं छान चाललंय.

तुमची,
धनश्री


हिर्डोशी
२ सप्टेंबर २०२४

चि. धनश्रीस आशीर्वाद.

ठकुबाईला मामीपाशी बसवून खडकावर गेलो आन् सोमेश्वरला फोन केला. म्हणलं, "ओब्ब मगा म्हंजी एक ल्योक. तिनं बरूबर सांगितलं हुतं, तुझा हात धरून." त्यानं ते दोन शब्द मला परत म्हणाय लावलं. त्या पुण्यातल्या जागंचं त्यानं परत काय काढलं न्हाई.

तू म्हणलीस तसा कान दिला. हाय खरं. कानडीत जायाच्या आदी ती वाईच सावकाश हुती. गार पाण्यात पाय घालायच्या आदी माणूस हुतंय तशी. आता मला आदीच उमगतं, ही चालली म्हणून.

दुसरं लिवतो ते रागानं न्हाई. पयल्या पत्रात तूच लिवलं हुतंस, ननग म्हंजी मला. इल्ल म्हंजी न्हाई, हे म्या तिच्याच तोंडनं शिकलो, पेंड सपली की म्हणती. इल्लि म्हंजी हितं, हातानं दावून म्हणती. मंग "हितं कुणी दिसत न्हाई" ह्याच्यात "मला" कुठं गेलं? तू ते गाळलंस.

हितं मला कोण न्हाई. असंच हाय न्हवं?

म्या तिच्या शेजारीच बसलेला असतो ग उंबऱ्यावर.

खरं काय ते लिव.

मामा


धारवाड
१० सप्टेंबर २०२४

प्रिय मामा,

हो. "इथं मला कुणी नाही." असंच आहे. "मला" मी मुद्दाम गाळलं, तुम्हाला लागेल म्हणून. दवाखान्यात पेशंटच्या घरच्यांशी मी असं कधी करत नाही.

ते वाक्य माझ्या ओळखीचं नसतं तर कदाचित जसंच्या तसं लिहिलं असतं. तुम्ही म्हणता मी दिवसभर माणसांत असते. खरंच असते. पेशंटशी कन्नड, डॉक्टरांशी इंग्रजी. माणसं चांगली आहेत. घरमालकीण सणाला होळीगी, म्हणजे पुरणपोळी, पाठवते, ताप आला तर डोक्याशी बसते. पण परवा तवा हाताला लागला आणि तोंडातून "आई गं" निघालं. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं विचारलं, "काय म्हणालीस?" मी कन्नडमध्ये सांगितलं, काही नाही.

आई होती तेव्हा रोज फोनवर आमचं बोलणं व्हायचं. माझ्या मराठीत अधूनमधून कन्नड शिरायचं आणि ती हसायची, "आता हे काय नवीन?" म्हणायची. आता मराठीत बोलायला कुणी राहिलं नाही, त्यामुळं त्या मराठीत काही शिरतही नाही.

मामी हे तुमच्याबद्दल तक्रार म्हणून म्हणते असं मला वाटत नाही. पण काय म्हणून म्हणते, ते मला इथून सांगता येणार नाही. तिला विचारता आलं तर तुम्हीच विचारा.

तुमची,
धनश्री


हिर्डोशी
२४ सप्टेंबर २०२४

चि. धनश्रीस आशीर्वाद.

तुझं पत्र आल्यापासनं चार दिस एवढंच चाललं. बांधावर जायाचं, गवत कापायचं, यायचं. ठकुबाईनं इचारलं, आता तुमाला काय झालं?

मंग एक दिस मामीला इचारलं, "म्हायेराला जायाचं का?" ती उटली, फळीवरचं पातळ काढलं आन् डाव्या हातानं त्याची घडी घालाय लागली. घडी जमंना तरी घालत हुती. म्या दुसरं टोक धरलं.

तिच्या भावाला, दुंडाप्पाला, फोन केला. त्याला बाजारापुरती मराठी येती. "बर्री, बर्री, यावा," म्हणला. दसरा झाला की दुसऱ्या दिशी निगतो. सोमेश्वर गाडीनं सोडतो म्हणलाय. पयल्यांदा नगं म्हणत हुता, एवढा परवास तिला सोसंल का म्हणून. मंग तिच्यापाशी बसला, तिनं त्याला कायतरी सांगितलं, निम्मं कळलं, निम्मं न्हाई, आन् भाईर यिऊन म्हणला, नेतो.

आयतवार पडतोय. तू धारवाडातनं येशील का? मला तितं काय कळायचं न्हाई.

मामा


धारवाड
२ ऑक्टोबर २०२४

प्रिय मामा,

येते. सकाळच्या गाडीनं निघून दुपारपर्यंत पोचेन.

एक आधीच सांगते, या वेळी काही गाळत नाही. माहेरी गेल्यावर मामीचं बोलणं सरळ होईल अशी आशा धरू नका. तिला आता मराठीही आवरत नाही. चाळीस वर्षं ती त्या भाषेत जगलीय, तीही तेवढीच आतली झालीय. तुमच्याकडं तुम्हाला निम्मं कळत नाही, तिथं त्यांना दुसरं निम्मं कळणार नाही.

तरी जाऊ या.

धनश्री


हिर्डोशी
२७ ऑक्टोबर २०२४

चि. धनश्रीस आशीर्वाद.

म्या एकटाच परत आलो.

तू हुतीस तवर समदं सणागत हुतं. बाया गळ्यात पडून रडत हुत्या, तिचं तोंड थांबत न्हवतं. तुझी पाठ फिरली, सोमेश्वर गाडी घिऊन गेला आन् दुसऱ्या दिसापासनं तू म्हणलीस तसं झालं. दुंडाप्पाच्या नातीला ती म्हणली, "बा इल्लि, तुज्या डोक्याला तेल लावते." पोरगी "बा इल्लि" ऐकून जवळ आली आन् पुढचं कळंना म्हणून बगत उबी राह्यली. मंग म्या माझ्याच टकलावर तेल चोळल्यागत करून दावलं. समदं घर हसलं. असं दिसभर चालायचं. तिच्या मराठीचा दुभाष्या म्या, कानडीचा दुंडाप्पा. दोगं मिळून एक बाई समजून घेत हुतो.

मंग ठकुबाईचा निरोप आला, भात पिकून चाललं, लोंब्या झडतील. दुंडाप्पा म्हणला, "अक्काला ऱ्हाऊ दे हितं. बायामाणसं हाईत." म्या म्हणलं, तिलाच इचारू. त्याच्याकडनं वाक्य घोकून घेतलं.

ती गोठ्यापाशी उनाला बसली हुती. म्या म्हणलं, "सगुणा, इल्लि इरतीया?" हितं ऱ्हातीस का, म्हणून. नावानं हाक मारायची आमच्यात पद्धत न्हाई, पण दुंडाप्पानं शिकवलेल्या वाक्यात तिचं नाव हुतं, ते तसंच निगालं.

खरं सांगतो धनश्री, ती न्हाई म्हणंल असं मला वाटलं हुतं. म्या तिच्या भाषेत इचारलं म्हणूनच न्हाई म्हणंल, असं वाटलं हुतं.

ती म्हणली, "इरतीनि. भात काढाय आलं आसंल, तुमी जावा."

इरतीनि म्हंजी काय ते कुणाला इचारावं लागलं न्हाई. आन् ते म्हणायच्या आदी ती सावकाशबी झाली न्हाई.

दुंडाप्पानं फाट्यावर आणून एस्टीत बसवलं. निपाणीला गाडी बदलली, कापूरव्हळाला उतरलो, तितनं भोर. हितं यिऊन भात कापलं. सोमेश्वर रजा टाकून आला हुता. दोगं कापत हुतो. तो गेल्यावर सांजच्याला उंबऱ्यावर बसतो. म्हशीला "एम्मी" म्हणलं की कान हलीवती. तिला कुणी सांगितलं न्हाई, की ते तिचं नाव हाय.

तू तिला बगून येत जा.

मामा


धारवाड
२० नोव्हेंबर २०२४

प्रिय मामा,

दर रविवारी जातेय. मामीचा चेहरा भरलाय. पायात बळ आलंय, भिंतीला न धरता विहिरीपर्यंत जाते. इथल्या दवाखान्यात आणून दोन्ही भाषांत तपासणी करून घेतली. आठवण शाबूत आहे. तो कागद सोमेश्वरदादाला पाठवलाय.

बोलणंही बदलतंय. कन्नडमध्ये ती आता बराच वेळ टिकते. मराठी येते ती ठरावीक ठिकाणी. भात शिजवायचा विषय असला की कन्नड, भात झोडायचा असला की मराठी. नदीचं पाणी कन्नड, धरणाचं मराठी. भूक, ताप, देव कन्नड. म्हशी, बांध, सोमेश्वरदादाचं बालपण मराठी. जे ज्या भाषेत जगली ते त्या भाषेत येतं, असं मला दिसतं. थोपवणारं पुन्हा जागेवर येतंय, सरावानं आणखी येईल.

मला स्वतःबद्दल एक सांगायचंय. त्या अंगणात मी मामीशी बोलते तेव्हा वाक्य कुठल्या भाषेत संपेल याची काळजी करत नाही. कन्नडमध्ये सुरू करते, मराठीत संपवते, ती तिथून उचलते. परवा परतीच्या गाडीत लक्षात आलं, की दिवसभर बोलून मी दमले नव्हते. धारवाडात खोलीचं कुलूप उघडलं, आणि मग पुन्हा दमल्यासारखं झालं.

आता जे लिहायला नको वाटतं ते. मामी तुमची आठवण काढते असं लिहायला हात शिवशिवत होता. पण तसं ती म्हणालेली नाही. तुमचं नाव निघालं की ऐकते आणि गप्प बसते. त्या गप्प बसण्याचा अर्थ मला लावता येत नाही. म्हणून लावत नाही.

तुमची,
धनश्री


दुंडाप्पांचं घर, गोकाकजवळ
८ जानेवारी २०२५

चि. धनश्रीस आशीर्वाद.

पत्त्यावरनं तुला कळलंच आसंल. भात झोडून घरात टाकलं, पेंढा रचला. मे आखेरीला रोहिणी निगंपतुर शेतात काय काम न्हाई. म्हस ठकुबाईकडं दिली, दूध तिनं खावं म्हणलं. बोलावणं आलं नव्हतं. तरी आलो.

मामी आंगणात शेंगा फोडत बसली हुती. मला बगून म्हणली, "बंद्रि?" आलासा व्हय, म्हणून. आन् परत शेंगा फोडाय लागली. म्या पिशवी ठिवली आन् शेजारी बसलो. तिनं सरकून जागा केली, का तिला परात सरकवायची हुती, ते सांगता येत न्हाई.

हितं माझी गत काय इचारू नको. दुकानात चुना मागितला तर दुकानदारानं चणं दिलं. भांडत बसण्यापरीस तेच खात घरी आलो. पोरं माझ्या मागनं "काय म्हणता, काय म्हणता" करत फिरत्यात. दुंडाप्पा दिसभर रानात. घरात समदी बोलत असत्यात आन् म्या तोंडांकडं बगतो. कुणी हसलं की म्याबी हसतो, वाईच उशिरा. सांज झाली की डोकं दुखाय लागतं. ऐकूनच दमतो. तू लिवलं हुतंस तसं.

मामी आमच्या घरात आली तवा एकुणीस वर्सांची हुती. मला निदान तिचं निम्मं तरी येतं. तिला आमच्यात कुणाचं कायच येत नव्हतं, आन् तिच्या शेजारी बसून सांगायला कोण नव्हतं. तू खरं लिवायच्या आदी हे म्या कदी मनात आणलं न्हाई.

कवा कवा ती मला सांगती. कवा इसरती. परत हिर्डोशीला येणार का, ते म्या आजून इचारलं न्हाई. रोहिणीला मला जावंच लागंल. तवा इचारीन. वाक्य दुंडाप्पाकडनं घोकून घेणार न्हाई, माझं मीच जुळवतोय.

काल दुपारी शेजारच्या बाया आल्या हुत्या. एकीनं माझ्याकडं बगून कायतरी इचारलं. समद्या थांबल्या. मामी माझ्याकडं वळून म्हणली, "ऊटा आत का, इचारत्यात." ऊटा म्हंजी जेवाण, हे आता येतं. म्या तिच्याकडं न बगता त्या बाईला सरळ म्हणलं, "आत." झालं, म्हणून.

बाया हसाय लागल्या. तोंडाला पदर लावून हसल्या. मामीबी हसली, आता तोंड दोनी बाजूंनी उचलतं तिचं. म्या इचारलं, "काय ग, चुकलं का?" तिनं न्हाई म्हणून मान हलवली, त्या बायांकडं तोंड केलं आन् कानडीत कायतरी म्हणली. लांबलचक म्हणली. मधी एकबी मराठी शब्द न्हाई. बाया आनीकच हसल्या.

काय म्हणली ते तिनं सांगितलं न्हाई, म्याबी परत इचारलं न्हाई. तिच्या परातीतल्या ओंजळभर शेंगा घेतल्या आन् फोडत बसलो.

आयतवारी ये.

मामा